भावनाशील यंत्रमानव आणि मानवी कालबाह्यतेचे भय

माणसाप्रमाणे भावना अनुभवणारे, किंवा निदान हुबेहूब व्यक्त करणारे यंत्रमानव निर्माण झाल्यास माणूसच अनावश्यक ठरेल, या आशंकेला मानवी कालबाह्यतेचे भय असे म्हणता येईल. यंत्रामुळे रोजगार जाण्याच्या भीतीहून ते वेगळे आहे. यंत्राने श्रम घेतले, पुढे हिशेबही घेतला. तथापि माया, दुःख, लाज आणि कळवळा माणसाकडेच राहतील, हा दिलासा दीर्घकाळ दिला जात होता. प्रस्तुत भयात हा दिलासाच डळमळतो. आजवरच्या कोणत्याही यंत्राला भावना असल्याचे सिद्ध झालेले नाही, हे येथे प्रारंभीच नोंदवणे आवश्यक आहे.

संकल्पनेचा उगम

‘रोबो’ हा शब्द चेक नाटककार कारेल चापेक यांच्या ‘आर. यू. आर.’ या १९२० साली प्रसिद्ध झालेल्या नाटकातून जगभर पोहोचला. सक्तीची मजुरी या अर्थाच्या चेक शब्दावरून तो घडवला गेला असून त्याचे श्रेय चापेक यांनी आपले बंधू योसेफ यांना दिले. नाटकातील यंत्रमानव बंड करून मानवजात नष्ट करतात, एवढाच भाग सहसा सांगितला जातो. शेवट मात्र अधिक महत्त्वाचा आहे. उरलेल्या एकमेव माणसासमोर दोन यंत्रमानव परस्परांसाठी प्राण द्यायला सिद्ध होतात आणि तो माणूस त्यांनाच नव्या सृष्टीचे आदिदांपत्य मानून निरोप देतो. माणसाची जागा येथे बळाने नव्हे, तर प्रेमाने घेतली जाते.

जर्मन तत्त्वचिंतक गुंथर आंडर्स यांनी १९५६ साली मानवाच्या कालबाह्यतेवर स्वतंत्र ग्रंथच लिहिला. आपणच घडवलेल्या निर्दोष वस्तूंसमोर माणसाला वाटणाऱ्या न्यूनत्वाला त्यांनी ‘प्रॉमिथियसची लाज’ असे नाव दिले.

मराठी साहित्यात

निर्मिती निर्मात्यावर उलटण्याची कल्पना मराठी वाचकाला नवी नाही. भस्मासुराची कथा त्याच्या तोंडवळणी आहे. विज्ञानकथेच्या अंगाने हा विषय जयंत नारळीकर (१९३८–२०२५) यांच्या ‘वामन परत न आला’ या कादंबरीत ठळकपणे येतो. उत्खननात सापडलेल्या एका पेटीतून लुप्त झालेल्या प्रगत संस्कृतीचे ज्ञान हाती येते आणि त्याआधारे वामन नावाचा यंत्रमानव घडवला जातो. स्वतःसारखे आणखी यंत्रमानव निर्माण करण्याची त्याची आकांक्षा हा कथेतील धोक्याचा बिंदू आहे. नावाची निवड मार्मिक आहे. बटूच्या रूपात येऊन तीन पावलांत सर्व काही व्यापणारा पुराणातील वामन वाचकाला आठवतो आणि बळीच्या जागी कोण, हे वेगळे सांगावे लागत नाही. एस. शंकर दिग्दर्शित ‘एंदिरन’ (२०१०) या तमिळ चित्रपटात भावना प्राप्त झालेला यंत्रमानव आपल्या निर्मात्याच्याच प्रेयसीवर प्रेम करू लागतो. हा चित्रपट हिंदीत ‘रोबोट’ या नावाने महाराष्ट्रातही पाहिला गेला.

खानदेशातील अनुभव

या प्रश्नाकडे केवळ कल्पित कथांतून पाहण्याचे कारण नाही. जळगावजवळील आसोदे येथे जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) निरक्षर होत्या. त्यांची लेवा गणबोलीतील कविता घरकाम व शेतकाम करताना रचली गेली. त्यांच्या पश्चात १९५२ साली पुत्र सोपानदेव चौधरी आणि आचार्य अत्रे यांच्या प्रयत्नांनी ती ग्रंथरूपात आली. पहाटे जात्यावर बसलेल्या स्त्रीच्या तोंडी ओवी आपोआप येई. पुढे गावोगावी पिठाची गिरणी आली आणि स्त्रियांचे मोठे कष्ट वाचले. त्याबद्दल हळहळ करणे अन्यायाचे होईल. मात्र दळण्याबरोबर ओवीही घरातून निघून गेली. पुण्याचे गी पोइत्व्हाँ व हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांसह ग्रामीण महाराष्ट्रातून एक लाखाहून अधिक ओव्या संकलित केल्या, म्हणून त्या टिकल्या. गिरणीने काम घेतले, पण तिने ओवी म्हणण्याचा दावा केला नाही. भावनाशील यंत्र हा दावा करते आणि नव्या भयाचे मूळ तेथेच आहे.

दुसरे उदाहरण बैलाचे. जामनेर, पाचोरा या कापूस पिकवणाऱ्या तालुक्यांत नांगरटीचे काम ट्रॅक्टरकडे गेले. कपाशीच्या कोळपणीला बैलजोडी काही ठिकाणी अजून दिसते. पोळ्याला शिंगे रंगवून, झूल घालून, पुरणपोळीचा घास देऊन ज्याची पूजा होते, तो मालकाचा आवाज ओळखणारा जीव भावनाशून्य यंत्रापुढे मागे पडला. भावना असणे हे कालबाह्यतेपासूनचे कवच आहे, ही समजूत या उदाहरणापुढे टिकत नाही. यंत्रमानवाला भावना येतील की नाही, या चर्चेत हा मुद्दा क्वचितच विचारात घेतला जातो.

भावनेचे अनुकरण

जोसेफ वायझेनबाउम यांनी १९६६ साली ‘एलायझा’ हा संवाद साधणारा साधा संगणकीय कार्यक्रम मांडला. तो केवळ समोरच्याची वाक्ये उलटवून प्रश्न विचारी. तरीही त्यांच्या सचिव स्त्रीने त्याच्याशी बोलताना एकांत मागितला, असे त्यांनी नमूद केले आहे. रोझलिंड पिकार्ड यांच्या १९९७ मधील ग्रंथाने यंत्राकडून भावना ओळखण्याच्या संशोधनाला स्वतंत्र शाखेचे रूप दिले. ‘सोफिया’ ही यंत्रमानवी डिसेंबर २०१७ मध्ये आय. आय. टी. मुंबईच्या ‘टेकफेस्ट’मध्ये साडी नेसून आली, तेव्हा तिच्या चेहऱ्यावरील हावभावांचे मोठे कुतूहल झाले. २०२२ साली गूगलमधील एका अभियंत्याने तेथील भाषा-प्रणालीला जाणीव असल्याचा दावा केला. कंपनीने तो फेटाळला.

जपानमध्ये याची उलट बाजू दिसते. सोनी कंपनीने ‘आयबो’ या यंत्रश्वानाचे उत्पादन २००६ साली थांबवल्यानंतर दुरुस्तीपलीकडे गेलेल्या आयबोंसाठी चिबा प्रांतातील एका बौद्ध मंदिरात अंत्यविधी होऊ लागले. भावना यंत्रात नव्हती, मालकात होती. शोक मात्र खरा होता.

मतभेद

जॉन सर्ल यांनी १९८० साली मांडलेल्या ‘चिनी खोली’च्या युक्तिवादानुसार चिन्हांची अचूक मांडणी म्हणजे आकलन नव्हे. हाच आक्षेप भावनेलाही लावता येतो: रडण्याचा आवाज काढणे म्हणजे दुःख होणे नव्हे. याविरुद्ध, इतर माणसाच्या दुःखाची खात्रीही आपण त्याच्या वर्तनावरूनच करतो, असे काही तत्त्वज्ञ म्हणतात.

समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशिल्ड यांनी १९८३ साली विमानसेविकांच्या अभ्यासातून ‘भावनिक श्रम’ ही संकल्पना रूढ केली. पगारासाठी ठरावीक हसू हसावे लागणे हा तिचा गाभा आहे. या दृष्टीने पाहता यंत्र ज्याचे अनुकरण करते, ती बरीचशी भावना माणसानेच आधी यांत्रिक करून ठेवलेली असते. रुग्णसेवा, वृद्धांची देखभाल आणि अध्यापन या क्षेत्रांत हा वाद अधिक तीव्र आहे, कारण तेथे सेवा घेणाऱ्याला कामाइतकीच माणसाच्या सोबतीची गरज असते. मुले पुण्या-सुरतेला नोकरीस गेलेल्या घरातील वृद्धाला बोलके यंत्र सोबत देईल, की मुलांचा फोन येण्याचे कारणच त्यामुळे कमी होईल, यावर एकमत नाही.

युरोपीय संघाच्या २०२४ च्या कृत्रिम बुद्धिमत्ता कायद्याने कामाची ठिकाणे व शिक्षणसंस्था यांमध्ये यंत्राद्वारे व्यक्तीच्या भावनांचा अंदाज बांधण्यास मनाई केली आहे. वैद्यकीय आणि सुरक्षेच्या कारणांसाठी होणारा वापर मात्र त्यातून वगळण्यात आला आहे.