इशारा कोण वाचणार?

आजच्या भागात तह नाहीत, तोफा नाहीत. कोणीही येऊन लिहू शकेल अशा विकिपीडियावर एखाद्याने पान बिघडवलं, तर त्याला कोणत्या शब्दांत समज द्यायची, या प्रश्नालाही आता चांगला वीस वर्षांचा इतिहास आहे. आयुष्यभर लष्करी कागदपत्रं लिहिल्यामुळे मला तो फार ओळखीचा वाटतो.

इंग्रजी विकिपीडिया 15 जानेवारी 2001 रोजी सुरू झाला, मराठी 1 मे 2003 रोजी. सुरुवातीला माणसं थोडी होती. कोणी पानावर काहीबाही टाइप करून गेला, तर दुसरा त्याच्या चर्चा पानावर स्वतः दोन ओळी लिहायचा. गर्दी वाढली, रोज तेच लिहायचा कंटाळा आला आणि त्या ओळींचे तयार साचे झाले. इंग्रजीतल्या जुन्या साच्यांचं नाव होतं ‘टेस्ट’. हे नाव मला आवडतं. तुम्ही नासधूस केलीत असं न म्हणता, तुमची चाचणी यशस्वी झाली, आता पुढचे प्रयोग सरावाच्या पानावर करा, असा त्यांचा सूर होता. मराठी विकिपीडियावर त्या पानाला ‘धूळपाटी’ म्हणतात. पूर्वी पाटीवर धूळ पसरून मुलं अक्षरं गिरवायची आणि हात फिरवून पुसायची. इंग्रजीतल्या ‘सँडबॉक्स’पेक्षा मला हा शब्द सरस वाटतो, अभिमानाचा भाग सोडून दिला तरी.

2006-07 च्या सुमारास हे विखुरलेले इशारे एका शिस्तीत बसवले गेले. पायऱ्या चार. पहिल्या पायरीवर समोरच्याचा हेतू चांगलाच आहे असं धरायचं. दुसरीवर हेतूबद्दल गप्प राहायचं. तिसरीवर स्पष्ट सांगायचं, थांबा. चौथी शेवटची, आता पुन्हा केलंत तर संपादन बंद. सोबत चित्रंही ठरली. निळ्या गोलापासून सुरू होऊन शेवटी लाल रंगातला ‘थांबा’ म्हणणारा पंजा.

लष्करी माणसाला ही उतरंड लगेच पटते. दंगलीत नागरी प्रशासनाच्या मदतीला जाणारी तुकडी आधी इशारा देते आणि तो जमावाला कळेल अशा भाषेत द्यावा लागतो. उद्देश एकच, पुढची पायरी चढायची वेळ येऊ नये. विकिपीडियाचं धोरणही तेच सांगतं. सदस्यावर घातलेली बंदी ही शिक्षा नसून नुकसान टाळण्याचा उपाय आहे.

पण इथेच एक गोम होती. बंदी घालण्याचा अधिकार प्रचालकाला आणि तो आधी विचारणार की पुरेसे इशारे दिले होते का? म्हणजे इशाऱ्याला दोन वाचक झाले. एक चूक करणारा, दुसरा फाइल तपासणारा. आमच्याकडे वॉर्निंग लेटरचं हेच व्हायचं. पत्र जवानाच्या नावाने असे, पण लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर उद्याची कोर्ट ऑफ इन्क्वायरी असे. ‘असे निदर्शनास आले आहे की’ या वाक्यात बोलणारा माणूस कुठेच नसतो!

पुढे ‘हगल’सारखी साधनं आली. एका बटणावर बदल रद्द, त्याच झटक्यात इशारा रवाना. ‘क्लूबॉट’ तर माणसाशिवायच काम करू लागला. शिवीगाळ आणि कचरा काही मिनिटांत साफ होऊ लागला, हा फायदा लहान नव्हे. पण त्याच झाडूखाली मनापासून लिहिणारे नवखेही आले. इंग्रजी विकिपीडियाचे सक्रिय संपादक 2007 मध्ये 50 हजारांच्या वर होते, 2013 पर्यंत ते सुमारे 31 हजारांवर आले. कारणं अनेक असतील. पण चांगल्या हेतूच्या नवख्यांचं लेखन जास्त प्रमाणात रद्द होतंय आणि ते परत येत नाहीत, हे अभ्यासातून पुढे आलं होतं.

2011 मध्ये विकिमीडिया फाउंडेशनने इशाऱ्यांच्या शब्दांचेच प्रयोग केले. काहींना जुना मजकूर, काहींना नवा. नव्यातला महत्त्वाचा बदल साधा होता. ‘नमस्कार, मी अमुक. तुमचा बदल मी काढला.’ कर्मणी प्रयोगामागे लपलेला माणूस पुढे आला. आज इंग्रजीतल्या पहिल्या पायरीचे बरेच इशारे याच धाटणीचे आहेत.

मराठीत प्रश्न आणखी नाजूक. आपल्याकडे लिहिणारे मुळात थोडे. तंजावरचा एखादा मराठी भाषक घरातल्या बोलीत दोन ओळी लिहितो, बेळगावची एखादी शिक्षिका गावाच्या पानात शाळेची माहिती घालते. त्यांना ‘उत्पात’ हा शब्द दिसला, तर ती व्यक्ती पुन्हा येईल का? त्यात ‘आपण’ म्हणावं की ‘तुम्ही’? रागावलेल्या वाक्यात ‘आपण’ मराठी कानाला टोमण्यासारखं लागतं. मी ‘तुम्ही’च लिहीन.

शिक्षिकेला मी असं लिहीन: “नमस्कार, मी अमुक. शाळेच्या स्थापनेचं साल मी सध्या काढलं आहे, कारण त्याला संदर्भ नव्हता. वर्तमानपत्र किंवा पुस्तक हाताशी असेल तर त्याचं नाव देऊन पुन्हा लिहा. अडलं तर माझ्या चर्चा पानावर विचारा.”

शेवटचा इशारा मात्र दोन ओळींचा हवा. काय केलं, कुठे केलं, पुन्हा केल्यास काय होईल. त्यात ‘नम्र विनंती’ नको.