कुरवंजीचा भूगोल

पाचवीच्या वर्गात खंडं शिकवताना मला तंजावरचे दुसरे सरफोजीराजे हटकून आठवतात. १७९८ ते १८३२ हे गादीवर. पण कारभार कंपनीने गिळलेला, हाती उरला किल्ला आणि विद्येची हौस. लहानपणी श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याने शिकवलेलं. राजांनी नवविद्येच्या शाळा काढल्या, देवनागरी छापखाना घातला आणि १८०६ मध्ये इसापाच्या गोष्टी ‘बालबोध मुक्तावली’ म्हणून मराठीत छापल्या.

मला खरी मौज वाटते ती त्यांच्या ‘देवेंद्र कुरवंजी’ या मराठी नाटकाची. तमिळ कुरवंजी नाटकात डोंगरातली भविष्य सांगणारी बाई येते, आपल्या डोंगराचं कौतुक गाते, विरहिणी नायिकेचा हात बघते. इथे ती इंद्राणीपुढे उभी राहते आणि सांगत सुटते जगाचा भूगोल: खंडं, देश, नद्या. जग भटकीलाच ठाऊक असणार! राजांनी हे काम पंडिताला दिलं नाही, हे बरंच केलं. पंडिताने पोरांना झोपवलं असतं.

श्वार्ट्झचाच दुसरा शिष्य वेदनायकम शास्त्री. त्याच्या तमिळ ‘बेथलेहेम कुरवंजी’तही भूगोल आहेच.