कोऱ्या कागदावरची मोहर
माउली, दामाजीपंतांच्या कथेमुळे बेदर आपल्या ओळखीचे आहे. त्याच बेदरच्या बहमनी दरबारात इराणातून आलेला महमूद गावान वजीरपदाला चढला. १४७२ साली त्याने गोवे घेतले, जमिनी मोजवून सारा ठरवला. पण चार सुभ्यांचे आठ केले, सुभेदारांच्या हातचे किल्ले काढले, आणि तेथेच वैरी निपजले. त्यांनी त्याचा मोहरदार फितवला, कोऱ्या कागदावर मोहर उठवून घेतली आणि वर ओरिसाच्या राजाला फितुरीचे पत्र लिहिले. (मोहर परक्या हाती ठेवणे, एवढीच मला त्याची चूक दिसते.) “मोहर माझी, मजकूर माझा नव्हे,” असे तो सांगत राहिला. सुलतानाने चौकशी केली नाही. १४८१ साली कोंडपल्लीच्या छावणीत त्याचे शिर उडवले. मग वजिराचे धन शोधले, तर फारसे निघालेच नाही. खजिनदार म्हणाला, ते गोरगरिबांत केव्हाच वाटले गेले.