अपराध कोणाचा, भरपाई कोणाची?

सुरतेचे नाव निघाले की मराठी माणसाला १६६४ आणि १६७० या सालांतील शिवछत्रपतींच्या दोन स्वाऱ्या आठवतात. पण या शहराचा आणखी एक वारसा आहे. तापीच्या मुखातून जहाजे परदेशी निघत, तेव्हा येथील सराफ ठराविक मोबदला घेऊन मालाची जोखीम आपल्या अंगावर घेत. जहाज बुडाले तर वादळ कोणाच्या चुकीने आले, असे कोणी विचारीत नसे. हीच समजूत रस्त्यावरच्या माणसापर्यंत पोहोचण्यास मात्र फार काळ लागला. त्याची हकीकत आज सांगावयाची आहे.

जुन्या इंग्रजी कायद्याचा दंडक मोठा विचित्र होता. कोणाच्या हयगयीने पाय मोडला तर भरपाई मागता येई. पण जीवच गेला तर मागे राहिलेल्या बायकामुलांना काहीच मागता येत नसे. इंग्लंडात १८४६ साली हा अन्याय दूर झाला आणि १८५५ साली आपल्याकडेही तसा कायदा आला. त्याने पती, पत्नी, आईबाप व मुले यांना हक्क दिला. परंतु दिवाणी न्यायालयात जाऊन समोरच्याचा अपराध शाबीत करण्याचे ओझे त्यांच्याच डोक्यावर राहिले.

पुढे मोटारगाडी आली. मुंबई इलाख्याने १९०४ साली मोटारींचा कायदा केला. सुरत तेव्हा त्याच इलाख्यात होती. १९१४ साली सर्व हिंदुस्थानासाठी कायदा झाला आणि १९३९ साली त्याची जागा नव्या कायद्याने घेतली. त्यातील सक्तीच्या विम्याचे प्रकरण १ जुलै १९४६ पासून अमलात आले. हा विमा गाडीच्या मालकासाठी नसून रस्त्यावरच्या तिऱ्हाईतासाठी होता. १९५६ च्या दुरुस्तीने अशा दाव्यांसाठी स्वतंत्र न्यायाधिकरणे नेमण्याची सोय झाली. १ मे १९६० रोजी सुरत गुजरात राज्यात गेली, तरी कायदा तोच राहिला.

तथापि या व्यवस्थेत एक गाठ होती. विमा कंपनीची थैली उघडावयाची तर मालक जबाबदार ठरला पाहिजे; मालक जबाबदार ठरावयाचा तर चालकाची हयगय शाबीत झाली पाहिजे. समजा, उधना किंवा लिंबायत भागात राहणारा एखादा खानदेशी कामगार रात्रपाळी संपवून सायकलीवरून घरी निघाला आहे आणि ट्रकने त्याला उडविले. साक्षीदार नाही. मेलेला बोलत नाही. चालक आपल्याविरुद्ध साक्ष कशाला देईल? अशा वेळी धुळे-जळगावकडून आलेल्या त्याच्या विधवेने ट्रक कसा चालला होता, हे कोठून सिद्ध करावे?

हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेला. मिनू मेहता खटल्यात १९७७ साली निकाल झाला की, हयगय शाबीत झाल्याशिवाय भरपाई नाही. कायद्याचे शब्द तसेच होते. पण १९८० साली न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी दुसऱ्या एका निकालात, अपराध न पाहता भरपाई देण्याची तरतूद व्हावी, असे सरकारला बजावले. अखेर १ ऑक्टोबर १९८२ पासून तशी तरतूद आली: मृत्यूसाठी १५,००० रुपये, कायमच्या अपंगत्वासाठी ७,५०० रुपये. रक्कम थोडी असली तरी तत्त्व मोठे होते.

१९८७ साली गुजरात राज्य मार्ग वाहतूक महामंडळाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक पाऊल टाकले. एका मुलाच्या मृत्यूबद्दल त्याच्या भावाने मागितलेली भरपाई न्यायालयाने मान्य केली. आपल्याकडे भाऊ, बहिणी, पुतणे एकाच्या कमाईवर जगतात, हे वास्तव १८५५ च्या यादीत नव्हते. ते न्यायालयाने ओळखले. १९८८ च्या कायद्याने अपराधावाचूनची रक्कम २५,००० केली आणि १९९४ च्या दुरुस्तीने ती ५०,००० झाली. त्याच वेळी अल्प उत्पन्नाच्या लोकांसाठी वय व मिळकत यांवर आधारलेला एक तक्ता आला. १ एप्रिल २०२२ पासून नवी तरतूद लागू झाली: अपराध शाबीत न करता मृत्यूबद्दल पाच लाख व गंभीर दुखापतीबद्दल अडीच लाख रुपये. यापेक्षा अधिक मागावयाचे असेल, तर हयगय शाबीत करण्याचा जुना मार्ग खुला आहेच.

कोणी विचारील, अपराध न पाहता पैसा दिला तर चालक बेफिकीर होणार नाहीत काय? शंका रास्त आहे. पण दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. चालकाला शिक्षा हे फौजदारी न्यायालयाचे काम आहे, आणि तेथे अपराध पाहिलाच पाहिजे. उघड्या पडलेल्या घराला आधार हे दुसरे काम आहे, आणि तेथे घरातील चूल थांबत नाही. शुभवर्तमानातील त्या दयाळू शोमरोन्याने वाटेवर पडलेल्या माणसाला धर्मशाळेत नेले आणि खर्च स्वतः भरला. लुटारू कोण होते, ही चौकशी होईपर्यंत तो थांबला नाही. लुटारूंना मोकळे सोडा, असाही त्याचा अर्थ होत नाही.

एक व्यवहाराची गोष्ट सांगून संपवितो. दाव्यासाठी सहा महिन्यांची मुदत १९९४ साली काढून टाकली होती. २०२२ पासून ती कायद्यात पुन्हा आली आहे. म्हणून ज्या घरावर असा प्रसंग येईल, त्याच्या शेजाऱ्यांनी केवळ सांत्वन करून परतू नये. गाडीचा क्रमांक व विम्याचा तपशील पोलिसांकडून मिळवावा, कागद जपून ठेवावेत आणि त्या घरातील कोणाला तरी बरोबर घेऊन न्यायाधिकरणाची पायरी वेळेत चढावी. दुःखात बुडालेल्या माणसाला कायद्याने दिलेला हक्क बहुधा दुसऱ्याच कोणी तरी आठवून द्यावा लागतो.