आठ आण्यांचा हिशेब

मुलाला गोडी लावायला बक्षीस द्यावं की धाक दाखवावा, असं पालक मला नोकरीत असताना विचारत. निवृत्तीनंतर बागेतल्या बाकावरही हा प्रश्न सुटलेला नाही. तो ऐकला की मला पुण्यातला एक पोरसवदा मुलगा आठवतो, बाळू पालवणकर.

जन्म १८७५-७६च्या सुमारास, धारवाडला. घर चर्मकार समाजातलं, वडील लष्करात नोकरीला. पुण्यात लष्करातल्या साहेबांनी टाकून दिलेल्या सामानावर बाळू आणि धाकटा शिवराम क्रिकेट शिकले. शिकवणारं कुणी नव्हतं. शाळा लवकर सुटली. आधी पारशांच्या क्लबात खेळपट्टी झाडायची नोकरी, महिना तीन रुपये. मग १८९२च्या सुमारास गोऱ्यांच्या पूना क्लबात, चार रुपयांवर. रोलर फिरवायचा, रेघा आखायच्या, जाळी बांधायची आणि साहेबांना सराव हवा असला की चेंडू टाकायचे.

कॅप्टन ग्रेग हा तिथला नावाजलेला फलंदाज. बाळूने बाद केलं की तो आठ आणे देई, अशी एक गोष्ट सांगतात. गोष्ट खरी धरली तर आठ आणे म्हणजे पगाराचा आठवा हिस्सा, जवळजवळ चार दिवसांची मजुरी! बक्षीसवाले पालक इथे खूश होतील. पण मंडळी, जरा थांबा. त्याच जाळीत बाळूने शेकडो तास गोलंदाजी केली आणि त्याच्या हाती बॅट एकदाही दिली गेली नाही, असं रामचंद्र गुहा यांनी लिहिलं आहे. फलंदाजी साहेबांनी करायची, घाम याने गाळायचा. आठ आण्यांनी पोरगा जाळीत येईल हे मी मान्य करतो. पण डाव्या हाताचा तो संथ चेंडू हवा तिथे टाकणं, कधी वेग बदलणं, कधी जास्त वळवणं, हे काही नाण्याच्या आशेने बोटांत उतरत नाही. तिथे आतून काहीतरी लागतं.

पुढचं पाहा. हा मुलगा हवा म्हणून पुण्याच्या हिंदू संघाने त्याला घेतलं, तेही बऱ्याच वादानंतर. मैदानावर त्याच्या हातातला चेंडू सगळे घेत. चहा मात्र त्याला बाहेर, मातीच्या भांड्यात, जेवायलाही वेगळं. एकाच दिवसात, त्याच माणसांकडून! इथे बक्षीस कुठलं आणि मान कुठला? आमच्या वर्गात पहिल्या बाकावरून उठवून शेवटच्या बाकावर बसवलं तरी मुलाचं आठवडाभर लक्ष लागत नसे.

बाळू खेळत राहिला. प्लेगच्या दिवसांत तो मुंबईला गेला. १९०६ साली हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवलं, त्या संघात बाळू आणि शिवराम दोघेही होते. १९११च्या इंग्लंड दौऱ्यात हिंदी संघ बहुतेक सामने हरला, पण पस्तिशीतल्या बाळूने ११४ बळी घेतले, सरासरी १८.८४.

कप्तानपद त्याला शेवटपर्यंत मिळालं नाही. ते १९२३ साली त्याच्या धाकट्या भावाला, विठ्ठलला मिळालं. तोवर बाळूचं खेळणं थांबलं होतं.