‘पेशंट उशिरा आली’ : हा उशीर कोणी केला?

मागच्या वर्षी मार्च महिन्यात एका मावशींबरोबर मी मोठ्या दवाखान्यात गेले होते. मावशी बालाघाटच्या डोंगराकडेच्या एका वस्तीवरच्या, वय पंचेचाळीसच्या आसपास, दरवर्षी दिवाळीच्या सुमारास नवऱ्याबरोबर कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात जाणाऱ्या. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग, तिसरा टप्पा. केसपेपरवर डॉक्टरांनी इंग्रजीत एक ओळ लिहिली होती. मावशींनी विचारलं, "काय लिहिलंय गं पोरी?" मी सांगितलं, "तुम्ही उशिरा आलात, असं लिहिलंय." त्यावर त्या म्हणाल्या, "म्या कुटं उशीर केला? आखाडातच गेले व्हते की दवाखान्यात."

त्या एका ओळीने मला अस्वस्थ केलं. कारण आपल्या चळवळीतले सुशिक्षित कार्यकर्तेही हेच बोलतात. ‘आपले लोक अंगावर काढतात’, ‘देवऋषाकडे जातात’, ‘बायका लाजतात’. यात काहीच खरं नाही असं मी म्हणत नाही. पण उशिराला स्वतःचा एक इतिहास आहे, आणि तो रुग्णाच्या घरात सुरू होत नाही.

कर्करोगातला उशीर मोजायला पहिल्यांदा व्याख्या बनवली ती १९३८ साली, अमेरिकेत. पॅक आणि गॅलो या दोन डॉक्टरांनी लिहिलेल्या त्या लेखाच्या शीर्षकातच ‘दोष’ हा शब्द आहे. लक्षण दिसल्यापासून डॉक्टरकडे जायला तीन महिने किंवा जास्त लागले तर दोष रुग्णाचा. डॉक्टरकडे गेल्यावर उपचाराला महिन्याहून अधिक लागला तर दोष डॉक्टरचा. म्हणजे निदान डॉक्टरलाही त्यांनी सोडलं नव्हतं. पण ज्या मुलखात दवाखानाच नाही तिथला दोष कोणाचा, याला त्या तक्त्यात रकाना नव्हता. व्यवस्थेचा उशीर मोजायला लोक फार नंतर लागले, आणि आपल्याकडच्या केसपेपरवर तो आजही लिहिला जात नाही.

आता आपल्या मातीतल्या तारखा पाहू. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी मुंबईत परळला टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झालं. दोराबजी टाटांच्या पत्नी मेहरबाई रक्ताच्या कर्करोगाने गेल्या होत्या, त्यांच्या स्मृतीतून ते उभं राहिलं. त्याच १९४१ साली अमेरिकेत पापानिकोलाउ यांनी गर्भाशयमुखाच्या पेशी काचेवर घेऊन कर्करोग आधीच ओळखता येतो हे प्रसिद्ध केलं. म्हणजे रुग्णालय आणि चाचणी, दोन्हींचा जन्म एकाच वर्षी. उस्मानाबाद तेव्हा निजामाच्या राज्यात होतं आणि परळ तिथून सुमारे चारशे किलोमीटर. मराठवाड्यात कर्करोगासाठी वेगळं शासकीय रुग्णालय औरंगाबादला सुरू झालं ते २०१२ साली. मधे ७१ वर्षं गेली. एवढ्या काळात तीन पिढ्यांतल्या बायका ‘उशिरा आल्या’.

कोणी म्हणेल, देश गरीब होता. होता. पण त्या काळात या प्रश्नाचा विचारच झाला नव्हता असं नाही. भोर समितीने १९४६ च्या अहवालात पैसे नाहीत म्हणून कोणी उपचाराला मुकू नये, हे तत्त्व मांडलं. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना १९४३ साली प्रा. अडारकर यांच्याकडे औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याचा अभ्यास सोपवला गेला. त्यातून पुढे १९४८ चा कामगार राज्य विमा कायदा आला. गिरणी कामगाराला या कायद्याने दवाखाना मिळाला, आजारपणाची भरपाई मिळाली. मात्र त्यातून हंगामी कारखाने वगळले गेले, आणि कायद्याच्या व्याख्येत साखर कारखाना हंगामी आहे. ऊसतोड मजूर तर त्या कारखान्याच्याही हजेरीवर नसतो. तो मुकादमाचा माणूस. म्हणजे ज्या मावशींच्या कोयत्यावर सहकाराची साखर उभी राहिली, त्या आरोग्याच्या कायद्यात दोनदा वगळल्या गेल्या.

मोजणीचंही तेच. मुंबईत कर्करोगाची लोकसंख्यानिहाय नोंदणी सुरू झाली १९६३ साली. खेड्यातली देशातली पहिली नोंदणी बार्शीला, १९८७ साली. बार्शी, परंडा आणि भूम तालुक्यांतल्या ३४६ गावांत कार्यकर्ते फिरले आणि बायकांमधला सर्वात मोठा कर्करोग गर्भाशयमुखाचा आहे हे कागदावर आलं. बार्शीचं आणखी एक काम आपल्या लोकांनी पाठ करून ठेवावं असं आहे. नोंदणीवाले नुसते आकडे घेऊन परत गेले नाहीत. कोणत्या लक्षणाला दवाखाना गाठायचा हे त्यांनी गावोगावी सांगितलं, आणि काही वर्षांतच तिथल्या बायका आधीच्या टप्प्यात दवाखान्यात पोचू लागल्या. हा निष्कर्ष १९९५ साली आंतरराष्ट्रीय नियतकालिकात छापून आला. लाज तीच होती, देव्हारे तेच होते. फरक एवढाच पडला, की पहिल्यांदा कोणीतरी दारात आलं.

मग १९९९ साली उस्मानाबाद जिल्ह्यात मोठा प्रयोग सुरू झाला. गावांचे ५२ गट, ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांवर निरोगी बायका. काही गटांत एचपीव्ही विषाणूची तपासणी, काहींत पेशींची, काहींत साध्या व्हिनेगरची. चौथ्या, तुलनेच्या गटातल्या सुमारे साडेएकतीस हजार बायकांना माहिती व सल्ला मिळाला, तपासणी नाही. आठ वर्षांनी हिशेब झाला. एचपीव्ही तपासणी झालेल्या चौतीस हजार बायकांत या कर्करोगाने ३४ मृत्यू, तुलनेच्या गटात ६४. आयुष्यात एकदा केलेल्या तपासणीने मृत्यू निम्म्यावर येतात हे जगाला कळलं ते २००९ साली, उस्मानाबादच्या बायकांमुळे.

या प्रयोगावर नंतर नैतिक आक्षेप घेतले गेले. ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स’मध्ये मोठी चर्चा झाली. चाचणी उपयोगी आहे हे माहीत असताना हजारो बायकांना ती न देता त्यांचे मृत्यू मोजावेत का, हा प्रश्न होता. संशोधकांचं उत्तर असं, की भारतात तपासणीची सोयच नाही, म्हणून ‘तपासणी नाही’ हीच इथली नेहमीची सेवा. मला या उत्तरातला खोटेपणा दिसत नाही. त्यातला खरेपणाच भयंकर वाटतो. सरकारने काहीच केलं नव्हतं, म्हणून काहीच न देणं हे नियमात बसलं. आणि ज्ञान हाती आल्यावर तरी काय झालं? जागतिक आरोग्य संघटना २०२१ पासून एचपीव्ही तपासणीला पहिली पसंती देते. त्याच सुमाराच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) देशातल्या ३० ते ४९ वयाच्या बायकांपैकी कधीतरी गर्भाशयमुखाची तपासणी झालेल्या होत्या १.९ टक्के. ज्यांच्या शरीरावरून धडा घेतला, त्यांच्या उपकेंद्रापर्यंत तो धडा पोचला नाही.

शेजारच्या बीडमध्ये याची दुसरी बाजू दिसली. ऊसतोड बायकांचे गर्भाशय मोठ्या प्रमाणावर काढले जात असल्याच्या बातम्यांनंतर २०१९ साली राज्य सरकारने समिती नेमली. ८२ हजारांवर ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. अनेकींना डॉक्टरांनी सांगितलं होतं, ‘पिशवी काढली नाही तर कॅन्सर होईल.’ म्हणजे कर्करोगाची भीती वस्तीवर वेळेत पोचली होती. तिचं बिलही वेळेत फाटत होतं. पोचली नाही ती तपासणी. ज्यांना आजार नाही त्यांचं ऑपरेशन लवकर आणि ज्यांना आहे त्यांना उशीर, हे एकाच बाजाराचे दोन हिशेब आहेत.

शहरातल्या आपल्या माणसाला हे सगळं सोपं आहे, असाही गैरसमज नको. परळपासून चार स्टेशनांवर राहणाऱ्या रोजंदारीच्या बाईलाही एका तपासणीसाठी तीन दिवसांची मजुरी सोडावी लागते. महात्मा फुले जनआरोग्य योजना भरती झाल्यावर कामाला येते. पण कर्करोग आहे हे ठरेपर्यंतच्या तपासण्या बहुतेकांना खिशातूनच कराव्या लागतात, आणि उशीर तिथेच साठतो. गावाकडून आलेल्यांनी तर मुक्काम कुठे करायचा हा पहिला प्रश्न. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली तर ठीक, नाहीतर फुटपाथ. गाडगेबाबांच्या नावाच्या छपराखाली आजही कर्करोगाचे शेकडो रुग्ण राहतात, हे बाबांचं मोठेपण. सरकारचं काय, ते वाचकांनी ठरवावं.

आणखी एक. मुंबईच्या नोंदणीतून पारशी समाजातल्या कर्करोगावर स्वतंत्र अभ्यास निघाले, ते उपयोगीही ठरले. राष्ट्रीय नोंदणीच्या अहवालांत वय आहे, लिंग आहे, जिल्हा आहे. जातनिहाय तक्ता नाही. कोणत्या वस्तीतली बाई कोणत्या टप्प्यात पोचते हे मोजलंच नाही, तर ‘आपले लोक अंगावर काढतात’ हे वाक्य कोणीही, कधीही बोलू शकतो. जनगणनेत जात मागणाऱ्या आपण दवाखान्याच्या नोंदवहीतही ती मागितली पाहिजे.

मावशींच्या केसपेपरची झेरॉक्स मी ठेवली आहे. रेडिएशनच्या रांगेत बसल्या बसल्या तिच्या मागच्या बाजूला आम्ही दोघींनी तारखा मांडल्या. आषाढ : गावातला डॉक्टर, इंजेक्शन, गोळ्या. श्रावण : पुन्हा तोच डॉक्टर. भाद्रपद : ग्रामीण रुग्णालय, बाईडॉक्टर रजेवर, पुढच्या आठवड्यात पुन्हा गेल्या, तपासलं नाही, ‘मोठ्या दवाखान्यात जा’ अशी चिठ्ठी. उचल त्याआधीच घेतलेली. दिवाळीला गाडी. फडावर अंगावरून जाणं वाढलं. सुट्टी घेतली तर खाडा, म्हणजे मजुरी बुडून वर दंड. फेब्रुवारीत चक्कर येऊन पडल्या तेव्हा मुकादमाने सोडलं. मार्च : निदान.

नऊ महिन्यांतले मावशींचे स्वतःचे किती, ते आम्ही मोजलं. पहिल्यांदा अंगावर गेलं त्या दिवसापासून गावातल्या डॉक्टरकडे जाईपर्यंत अकरा दिवस.