मोडीचे पैसे आणि आजीचे तीन डबे

माधवगंजातल्या जुन्या मराठी घरांचा विषय निघाला की गप्पा सरदार, कारभारी आणि त्यांच्या हुद्द्यांवर जातात. संस्थान गेल्यावर ज्यांचा पगारच बंद झाला आणि ज्यांनी सुटी कामं करून घर चालवलं, त्यांच्याबद्दल फार कमी लिहिलं जातं. आजच्या भाषेत ते फ्रीलान्सर. माझे आजोबा त्यातलेच.

१९४८ मध्ये मध्यभारत झालं आणि त्यांची कारकुनी सुटली. हाताशी उरली मोडी. १९५१ साली मध्यभारतात जहागिरी रद्द करायचा कायदा झाला, १९५२ च्या डिसेंबरात जहागिरी सरकारकडे गेल्या. मग भरपाईचे दावे आले, वाटण्यांची भांडणं आली. लष्करातल्या कित्येक घरांचे कागद मोडीत, आणि समोरचा साहेब हिंदी वाचणारा. आजोबा कागद वाचून हिंदीत उतरवून द्यायचे, पानामागे पैसे. एखाद्या महिन्यात तीन घरांची दप्तरं यायची, मग दोन महिने दारात कोणी नाही.

असल्या कमाईवर घर चालवायचं कसं? वडील सांगायचे, आजोबांनी स्वतःलाच नोकरीवर ठेवलं होतं. मागच्या वर्षाची कमाई जोडायची, त्यातून दोन हिस्से बाजूला काढायचे, उरलेल्याचे बारा भाग. तेवढीच रक्कम एक तारखेला आजीच्या हातात. महिना चांगला गेला म्हणून चार आणे जास्त नाहीत. आजी म्हणे यावर भांडायची, आणि मला तर तिचंच म्हणणं पटतं, कारण सणवार काय बारा भागांत येतात?

बाजूला काढलेले हिस्से दोन पितळी डब्यांत. तिसरा डबा घरखर्चाचा.

एक डबा सरकारचा. भारताचा आयकर मध्यभारताला लागू झाला तो १ एप्रिल १९५० पासून. आजोबांची कमाई बहुतेक वर्षी करपात्र मर्यादेच्या खालीच राहायची, तरी डबा होताच. कर लागला नाही की मार्चनंतर त्यातले पैसे दुसऱ्या डब्यात, म्हणजे बेगमीत जायचे.

त्या बेगमीचा उपयोग झाला १९५६ नंतर. मध्य प्रदेश झाला, राजधानी भोपाळला गेली. महालेखापालांचं ऑफिस आणि राजस्व मंडळ ग्वाल्हेरात राहिलं, त्यामुळे नोकरदार शेजाऱ्यांचं फारसं बिघडलं नाही. आजोबांकडे मात्र दावे संपत आले होते, आणि नव्या पिढीला मोडीची गरजच नव्हती. जवळजवळ वर्षभर घर त्या डब्यावर चाललं. काकांचं कॉलेज सुटलं नाही, आजीच्या पाटल्या सराफ्यात गेल्या नाहीत. तेवढ्या काळात आजोबांनी हिंदी टायपिंग शिकून अर्ज लिहायची कामं धरली. वय पन्नाशीच्या पुढे होतं, हे विसरू नका.

आता माझी लेक इंटिरियरची कामं घेते, इंदूरची, पुण्याची. गिऱ्हाईक पैसे देताना दहा टक्के टीडीएस कापतं, आणि पोरांना वाटतं कर भरून झाला. तसं नाही हो, ती नुसती उचल जमा झाली, खरा हिशेब वर्षाच्या शेवटी. तिच्यासारख्या ठरावीक व्यवसायांना २०१६ च्या अर्थसंकल्पानं एक सोय दिली, कलम ४४एडीएची: कमाईच्या निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखवा, खर्चाच्या पावत्या सांभाळत बसू नका. पण मग आगाऊ कर सगळाच्या सगळा १५ मार्चच्या आत भरावा लागतो, उशीर झाला की व्याज. आगाऊ कर काही नवा नाही म्हणा, इंग्रजांनी तो १९४४ मध्येच आणला होता.

लेकीनं बँकेत तीन खाती उघडलीत. पैसे आले की त्याच दिवशी करापुरते दुसऱ्या खात्यात टाकते. बेगमीच्या खात्यात सध्या पाच महिन्यांचा खर्च आहे. आजोबांची वही तिला दाखवली. अक्षर आमच्यापैकी कोणालाच लागत नाही, आकडे तेवढे लागतात.